पाणी कधी येणार, पाणी का येत नाही
लहरींवरची माणसं : भाग ९

वादग्रस्त निवेदकाचं चरित्र लिहायला घेतलं की लेखणी आपोआप बालपणाकडे वळते. शाळेत तो उद्धट होता का, घरात कुणाशी पटत नव्हतं का, पुढचे पाय पाळण्यातच दिसले होते का, याचा शोध सुरू होतो. हा शोध मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. मागच्या भागात आपण बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांच्या मंत्रिपदाच्या काळात आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली आणि श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे नेला, ती हकीकत पाहिली. तिथे वाद धोरणाचा होता. सिलोनवरून बोलणारे अमीन सयानी कुणालाच खटकले नाहीत. आज निवेदकावरच वाद ओढवलेली दोन उदाहरणं घेऊ, एक अमेरिकेतलं आणि एक मुंबईचं. माझं म्हणणं असं की, निवेदक किती जहाल बोलतो यापेक्षा त्याच्याभोवती कुंपण कुठे घातलं आहे, यावर त्याचं ‘वादग्रस्त’ असणं अवलंबून असतं.

रश लिंबॉचं उदाहरण आधी घेतो, कारण त्यात तारखा बोलतात. जन्म १९५१, मिझुरी राज्यातल्या केप जिरार्डो या गावात, वकील-न्यायाधीशांच्या घराण्यात. सोळाव्या वर्षीच गावच्या रेडिओवर टोपणनावाने गाणी लावू लागला, कॉलेज वर्षभरात सोडलं आणि पुढे पिट्सबर्गला जाऊन दुसरं टोपणनाव घेतलं. एकामागून एक केंद्रांनी त्याला काढून टाकलं. मधली काही वर्षं तर कॅन्सस सिटीच्या बेसबॉल संघाच्या प्रसिद्धी विभागात गेली. तेहतिसाव्या वर्षापर्यंतचं हे चरित्र म्हणजे अपयशाची जंत्री आहे. जीभ तीच होती, आवाजही तोच. १९८४ मध्ये सॅक्रामेंटोच्या केंद्रावर त्याचा जम बसला. अमेरिकेत १९४९ पासून एक नियम होता : वादाच्या सार्वजनिक प्रश्नावर केंद्राने एक बाजू मांडली, तर दुसऱ्या बाजूलाही वाजवी संधी द्यायची. ऑगस्ट १९८७ मध्ये तिथल्या संचार आयोगाने तो रद्द केला. १ ऑगस्ट १९८८ ला लिंबॉचा कार्यक्रम देशभर सुरू झाला आणि रोजचे तीन तास, एकाच बाजूचे, पुढे तीन दशकं चालले. २०१२ मध्ये एका विद्यार्थिनीबद्दल त्याने काढलेल्या अश्लाघ्य उद्गारांमुळे जाहिरातदार पळाले. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला सर्वोच्च नागरी सन्मानही दिला.

यावर कुणी म्हणेल, सॅक्रामेंटोत तो नियम असतानाच चालला होता, मग श्रेय नियमाच्या रद्द होण्याला कसं? आक्षेप रास्त आहे. शिवाय संगीताचे श्रोते एफएमकडे गेल्यामुळे जुन्या मध्यम लहरींच्या केंद्रांना बोलक्या कार्यक्रमांची गरज पडली होती आणि उपग्रहामुळे एकच कार्यक्रम देशभर पोचवणं स्वस्त झालं होतं. तेव्हा नियम हे एकमेव कारण नव्हे. पण एका शहरात चालणं वेगळं आणि शेकडो केंद्रमालकांनी एकच बाजू निर्धास्तपणे विकत घेणं वेगळं. ती निर्धास्तता १९८७ ने दिली.

आता आपल्याकडे या. मलिष्का मेंडोन्सा मुंबईची. रेड एफएमवर सकाळच्या कार्यक्रमात हिंदी, मराठी, इंग्रजी अशी सरमिसळ बोलत तिने नाव कमावलं. गर्दीच्या वेळी गाडीत नाहीतर लोकलमध्ये अडकलेल्या माणसाशी गप्पा मारणं हे तिचं काम. जुलै २०१७ मध्ये तिने तेव्हा घरोघरी वाजणाऱ्या ‘सोनू’च्या गाण्याचं विडंबन केलं. विषय खड्डे, तुंबणारं पाणी, रखडलेली वाहतूक आणि मुंबई महापालिका. युवासेनेच्या नगरसेवकांनी आयुक्तांना पत्र लिहून तिच्यावर ५०० कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावण्याची मागणी केली. त्याच दिवसांत पालिकेच्या पथकाला तिच्या वांद्र्याच्या घरी डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्या आणि तिच्या आईच्या नावे नोटीस निघाली. पावसाळ्यात घरोघर अळ्या शोधणं हे पालिकेचं नेहमीचंच काम. पण मुहूर्त असा साधला गेला की नोटिशीचीच जास्त चर्चा झाली. मलिष्का थांबली नाही. पुढच्या पावसाळ्यात तिने ‘झिंगाट’च्या चालीवर खड्डे गायले, आणि २०१९ मध्ये नटूनथटून रस्त्यावरच्या चंद्रासारख्या विवरांत नाचली.

या दोघांच्या उद्गारांची तुलनाच होऊ शकत नाही. त्याने माणसांची बदनामी केली, हिने खड्ड्यांची. जे खड्डे मुंबईची दैनिकं दर पावसाळ्यात छापतात आणि वाहिन्या दाखवतात, त्यांच्यासाठी कुणी संपादकाकडे ५०० कोटी मागत नाही. मग रेडिओवरची बाईच का बोचली? मला याचं उत्तर तिच्या स्वभावात सापडत नाही, परवान्याच्या अटींत सापडतं. आपल्याकडे खासगी एफएम २००१ मध्ये बंगळुरूत सुरू झालं, २००५ नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात ते आपल्यासारख्या शहरांत पोचलं. पण बातम्या आणि चालू घडामोडींना त्यावर मज्जाव राहिला. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने आकाशवाणीची वार्तापत्रं जशीच्या तशी ऐकवायची मुभा दिली आणि काही माहिती ‘बातमी नव्हे’ अशा रकान्यात टाकली : हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, आणि वीज, पाणी, आरोग्य यांविषयीच्या सूचना. यातल्या नागरी सुविधांच्या सूचनांपुढे एक छोटी पुस्ती आहे. ही माहिती स्थानिक प्रशासनाने पुरवल्याप्रमाणे द्यायची.

ही पुस्ती छत्रपती संभाजीनगरात बसून वाचली की तिचं वजन कळतं. फारोळ्याला वीज गेली, जलवाहिनी फुटली, म्हणून सिडको-हडकोचं पाणी एक दिवस पुढे ढकललं, हे आरजेने सांगणं नियमात बसतं. पैठणला नाथसागर भरलेला असताना शहराच्या नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी का, हे विचारणं म्हणजे चालू घडामोड. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि पुढे ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेकीपर्यंत प्रकरण गेलं. तेव्हाही घंटागाडी कधी येईल ही सूचना आणि ती कुणामुळे आली नाही ही बातमी. ‘कधी’ची परवानगी आहे, ‘का’ची नाही. अशा कुंपणात निवेदकाने ‘का’ विचारायचं ठरवलं तर वाट एकच उरते, गाणं आणि थट्टा. थट्टा ही बातमी नसते, म्हणून ती निसटते. आणि थट्टा असते म्हणूनच समोरच्याला उत्तरापेक्षा दावा सुचतो. खुलासा मागणाऱ्याला खुलासा देता येतो, विडंबनाला काय देणार?

यावर एक आक्षेप असा की, मलिष्काची ती गाणी गाजली ती यूट्यूबवर. रेडिओच्या परवान्याचा तिथे संबंध काय? पण हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. रेडिओवर जन्मलेल्या आवाजाला शहराबद्दल तोंड उघडायला रेडिओबाहेर जावं लागलं, हाच तर मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. रवांडात जुलै १९९३ मध्ये सुरू झालेल्या एका खासगी केंद्राने पुढच्या वर्षीच्या नरसंहारात लोकांना चिथावलं, त्याच्या एका निवेदकाला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने बारा वर्षांची शिक्षा दिली. कॉमन कॉज या संस्थेने २०१३ मध्ये खासगी रेडिओवर बातम्यांना मुभा मागितली, तेव्हा केंद्र सरकारनेही सर्वोच्च न्यायालयात सुरक्षेचंच कारण पुढे केलं. भीती खोटी नाही. मात्र रवांडातलं ते केंद्र सत्तेविरुद्ध बोलत नव्हतं. ते सत्तेच्या वर्तुळातल्या लोकांचंच होतं. सरकारच्या हातातला माइक आपोआप सभ्य राहतो, हे आपल्या इतिहासातही दिसत नाही. आणीबाणीत किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली, ती कुणा बेताल आरजेमुळे नव्हे. चिथावणीसाठी फौजदारी कायदा आहे, आणि शेकडो वृत्तवाहिन्यांना तो पुरेसा मानला जातो. त्यांच्या रात्रीच्या चर्चा ऐकल्यावर सकाळच्या आरजेचीच भीती का वाटावी, हे मला उमगलेलं नाही.

खरं तर तत्त्वाचा निवाडा केव्हाच झाला आहे. हैदराबाद आणि औरंगाबाद ही निजामाच्या राज्यातली रेडिओ केंद्रं एप्रिल १९५० मध्ये आकाशवाणीकडे आली. मालक बदलला, मालकीची कल्पना तीच राहिली. ती कल्पना फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडली. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या वादात सांगितलं की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. त्या निकालाचा लाभ दूरचित्रवाणीने भरपूर घेतला. रेडिओच्या वाट्याला गाणी आली.

सप्टेंबर २०२३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने शिफारस केली की खासगी एफएमला दर तासाला १० मिनिटं बातम्यांची परवानगी द्यावी, आणि आकाशवाणीची संहिता त्या बातम्यांनाही लावावी. ती जुनी संहिता काढून पाहिली तर राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करायला मनाई आहे, आणि राज्य किंवा केंद्र सरकारवर वैरभावाने टीका करायलाही. महापालिकेचा उल्लेख त्या कलमात नाही.