कुलूप लागल्यानंतरचे बारा तास

आपण कामावर गेल्यावर घरात एकटा राहिलेला कुत्रा काय करतो, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक असतं; नसतं ते फक्त मालकाला. समोरच्या फ्लॅटमधल्या आजींना ठाऊक असतं, जिना झाडणाऱ्याला ठाऊक असतं, वॉचमनला तर वेळेसकट ठाऊक असतं. मालकाला कळतं ते एकतर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, नाहीतर अकराला पोळ्या करायला येणाऱ्या मावशींकडून. "ताई, आज फार रडत होता हो. खालपर्यंत आवाज येत होता." मग ताई शोधायला लागतात, की मोठ्या कुत्र्याला एकटं ठेवायचं तरी किती तास?

याची तयार उत्तरं आहेत. ब्रिटनमधल्या प्राणिकल्याण संस्था सांगतात, सलग चार तासांच्या वर नको. स्वीडनमध्ये तर नियमच आहे: दिवसा निदान दर सहा तासांनी कुत्र्याला बाहेर न्यायचं. हे आकडे घेऊन जरा हिंजवडीत नोकरी करणाऱ्याकडे जा. नऊ तासांचं ऑफिस, जाण्यायेण्यात आणखी तीन, पाऊस पडला तर विचारूच नका. डोंबिवलीहून लोकल पकडून फोर्टात जाणाऱ्याचंही तेच. सकाळी आठला लागलेलं कुलूप रात्री आठला उघडतं. 'चार तास' हा सल्ला त्याला ऐकायला पटतो, पाळता येत नाही, आणि पाळता येत नाही म्हणून तो सगळाच विषय सोडून देतो.

मला वाटतं, तास मोजण्यापासून सुरुवात केली की घोटाळा होतो. या एका प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी आहेत. एक पहिल्या अर्ध्या तासाची, दुसरी शेवटच्या काही तासांची. पहिली भीतीची आहे, दुसरी तुंबलेल्या लघवीची आणि कंटाळ्याची. दोन्हींवरचे उपाय वेगळे, आणि आपण नेमके ते उलटसुलट करतो. घाबरलेल्या कुत्र्याला महागडी खेळणी आणतो आणि दुपारभर कोंडून वैतागलेल्या कुत्र्याबद्दल कौतुकानं सांगतो, 'त्याला माझ्याशिवाय करमतच नाही.'

आपल्या घरात यातली कुठली अडचण आहे, हे कळायला जुना मोबाइल पुरतो. पुस्तकांच्या कपाटावर टेकवायचा, कॅमेरा दाराकडे, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि रोजच्यासारखं निघून जायचं.

अशी दोन रेकॉर्डिंग मी बारकाईनं पाहिली. पहिलं एका लॅब्रेडोरचं. दार लागल्यावर तो उंबऱ्यापाशी गेला, दाराखालच्या फटीतून एकदा जोरात हुंगलं, लिफ्टचा आवाज खाली जाईपर्यंत कान टवकारून उभा राहिला. मग वळला आणि ज्या सोफ्यावर चढायला त्याला सक्त मनाई आहे, त्यावर चढून, दोन गिरक्या घेऊन, सुस्कारा टाकून झोपला. मधे एकदा कूस बदलली, एकदा कुरिअरवाल्यावर भुंकला. दुपारी तीनपर्यंत चित्र जवळजवळ स्थिरच. त्यानंतर मात्र तो उठला आणि बाल्कनीच्या दारापासून मुख्य दारापर्यंत येरझारा घालायला लागला. शेवटी चपलांच्या रॅकमधून एक फ्लोटर काढून पद्धतशीर कुरतडली.

दुसरं रेकॉर्डिंग एका गावठी कुत्रीचं, लॉकडाउनमध्ये पिल्लू असताना घरात आणलेली. मालकिणीनं किल्ल्या उचलल्या, तेव्हाच तिला धाप लागलेली दिसते. दार बंद होताच पुढचे दोन्ही पंजे कडीच्या खाली, बरोबर त्याच जागी जिथला रंग आधीच खरवडला गेलाय. लाळ गळतेय, शेपटी पोटाखाली. ओरडणं भुंकण्यासारखं नाही, तोंड वर करून लांब हेल काढलेलं. शेजारी बशीत पनीरचे तुकडे ठेवलेले आहेत. एरवी ती पनीरसाठी जीव टाकते, इथं त्याकडे वळूनही बघत नाही. हा बशीतला पनीर मला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा वाटतो. कंटाळलेला कुत्रा आवडीचं खाणं सोडत नाही.

लॅब्रेडोरचं पाहून धीर येतो, आणि संशोधनही त्याच बाजूनं आहे. स्वीडनमधल्या थेरेसे रेन आणि लिंडा कीलिंग यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकटं राहण्याचा त्रास नसलेल्या १२ घरगुती कुत्र्यांना अर्धा तास, दोन तास आणि चार तास एकटं ठेवून त्यांचं चित्रण केलं. कुत्रे बहुतेक वेळ पडून होते. मालक दोन तासांनी परतला, तेव्हा स्वागत अर्ध्या तासानंतरच्यापेक्षा जास्त जोरात झालं. म्हणजे गेलेला वेळ त्यांना जाणवत होता. पण दोन आणि चार तासांत फारसा फरक आढळला नाही. मोठा कुत्रा चोवीस तासांत बारा-चौदा तास तुकड्यातुकड्यानं झोपतोच, त्यातले काही आपल्या गैरहजेरीत झोपला तर ते दुःख नव्हे.

दुसऱ्या रेकॉर्डिंगमधल्या कुत्रीचा त्रास वेगळा आहे. त्याला पशुवैद्य 'सेपरेशन अँग्झायटी' म्हणतात. बुडापेस्टच्या योझेफ टोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली, लहान मुलाचं आईशी असलेलं नातं तपासायची मेरी एन्सवर्थ यांची कसोटी मोठ्या कुत्र्यांवर लावून पाहिली. अनोळखी खोली, अनोळखी माणूस, मालक बाहेर जातो, परत येतो. कुत्रे मालकाशी पुष्कळसं त्या लहान मुलांसारखं वागले: मालक असताना खोलीत मोकळेपणानं हिंडले, तो गेल्यावर दाराशी जाऊन थांबले. हे नातं निरोगीच आहे. काही कुत्र्यांत मात्र 'गेला तो परत येईल' हा विश्वास तयार होत नाही. २५ मार्च २०२०ला लॉकडाउन लागल्यानंतर घरात आलेल्या किती पिल्लांना तो शिकायची संधी मिळाली असेल? त्यांच्या वाढीच्या सगळ्या महिन्यांत घर कधी रिकामं झालंच नाही, आणि मग एका सोमवारी ऑफिसनं सगळ्यांना बोलावून घेतलं.

आपल्याकडे याचं आणखी एक घरगुती कारण आहे, त्याबद्दल फार कोणी लिहीत नाही. नोकरदार घरातला कुत्रा खऱ्या अर्थानं आजोबांचा असतो. सकाळची चक्कर त्यांची, दुपारची वामकुक्षी त्यांच्या पायाशी. मग आजी-आजोबा मुलाकडे न्यू जर्सीला पाच-सहा महिने जातात. विमानतळावर सोडायला सगळं घर जातं. कुत्र्याला एवढंच कळतं, की कालपर्यंत भरलेलं घर आज सकाळी आठपासून रिकामं आहे. सहा वर्षांचा शहाणा कुत्रा उशा फाडायला लागतो तो अशा वेळी. हे आधी ओळखून तिकिटं काढल्यापासूनच त्याला थोडं थोडं एकटं राहायची सवय लावता येते.

ही सवय लावणं म्हणजे काय? जाण्याच्या खुणांमधली धास्ती काढायची. किल्ल्या उचलायच्या आणि पेपर वाचत बसायचं. बूट घालायचे, पोहे खायचे, बूट काढायचे. दाराबाहेर पाच सेकंद थांबून आत यायचं, मग पंधरा, मग मिनिट. कुत्रा कासावीस होण्याच्या आत परतायचं, हे त्यातलं मर्म. तो रडायला लागल्यावर परतलात तर धडा नेमका उलटा जातो. हे काम आठवड्यांचं आहे, कधी महिन्यांचं. त्या काळात त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचं नसतं. ही अट ऐकून लोक हताश होतात. पण याच काळापुरतं शेजारच्या आजींकडे, कॉलेजात जाणाऱ्या भाच्याकडे किंवा डे-केअरमध्ये ठेवणं परवडतं, कारण ते कायमचं नसतं. काहींना औषधही लागतं. क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन या दोन औषधांना खास कुत्र्यांच्या या त्रासासाठी अमेरिकेत अनुक्रमे १९९८ आणि २००७ साली मान्यता मिळाली, तीही शिकवण्याच्या जोडीनं द्यायची म्हणून. ती पशुवैद्याच्या सल्ल्यानंच द्यायची. माणसांच्या गोळ्या घरच्या घरी तोडून देऊ नयेत.

त्याला सोबत म्हणून दुसरा कुत्रा आणणं हा लोकप्रिय सल्ला आहे, आणि घाबरणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तो बहुधा फसतो. त्याला कुत्रा नको असतो, तुम्ही हवे असता. मग घरात दोन कुत्रे, त्यातला एक रडणारा आणि दुसरा त्याला साथ देणारा.

आणि रागावणं. आपण घरात शिरतो, फ्लोटरची लक्तरं दिसतात, कुत्रा कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात. "बघा, याला कळतंय चुकलंय ते!" संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर हेच तपासलं. खाऊ खायला मनाई करून मालक बाहेर गेला. परत आल्यावर, कुत्र्यानं तो खाल्ला की नाही याबद्दल त्याला कधी खरं, कधी खोटं सांगण्यात आलं. 'अपराधी चेहरा' कुत्र्यानं चोरी केली की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे सगळ्यात जास्त पडलेले होते. संध्याकाळी आठला मार खाणाऱ्या कुत्र्याला दुपारी तीनची चप्पल आठवत नसते. त्याला तुम्ही परत येण्याचीच भीती बसते.

आता उरलेली दुपार. सुदृढ मोठा कुत्रा सहा ते आठ तास लघवी धरू शकतो. बारा तास धरायला लावणं हा निव्वळ जुलूम आहे, आणि त्यातून मूत्रमार्गाच्या तक्रारींना निमंत्रण. युरोपातल्या घरासारखं मागचं अंगण आपल्याकडे नाही, सातव्या मजल्यावर तर नाहीच. त्यामुळे बारा तासांच्या घराला दुपारी एक माणूस लागतोच, यातून सुटका नाही. वॉकर ठेवा, मावशींना विचारा, तळमजल्यावरच्या निवृत्त काकांना विचारा. पैसे देऊन विचारा, उपकार म्हणून नको. दुपारच्या या वीस मिनिटांनी बारा तासांचे दोन सहा-सहा तास होतात. मावशींना कुत्रा ओढत असेल तर बाल्कनीत कृत्रिम गवताचा ट्रे ठेवून तिथं शू करायला शिकवता येतं, फक्त मोठ्या कुत्र्याला ते पटायला वेळ लागतो.

सकाळची चक्कर आपण घड्याळ बघत, ओढत उरकतो, तिथंही थोडी सुधारणा करण्यासारखी आहे. कुत्र्याला वेगापेक्षा वास जास्त दमवतो. प्रत्येक खांब, प्रत्येक दुचाकीचं टायर हुंगू दिलं तर त्याच अर्ध्या तासाचं काम दुप्पट होतं. घरातही नाकाला काम द्यावं. नाश्ता वाडग्यात ओतण्याऐवजी जुन्या टॉवेलच्या घड्यांत दाणे गुंडाळा, रिकाम्या अंड्यांच्या ट्रेमध्ये लपवा. कूकरची शिट्टी होईपर्यंत हे तयार होतं.

गैरहजेरीत खरी भीती उपद्रवापेक्षा अपघाताची. बाल्कनीत कोंडून जाणं सगळ्यात वाईट: मे महिन्यात दुपारी फरशी तापते, सावली सरकते, आणि घाम फक्त पंजांना येणाऱ्या प्राण्याला धापा टाकण्यापलीकडे उपाय नसतो. पग, फ्रेंच बुलडॉग यांची तर नाकंच आखूड, त्यांना धापाही धड टाकता येत नाहीत. एसी लावून गेलात आणि वीज गेली तर बंद खिडक्यांची खोली भट्टी होते. त्यापेक्षा जाळी लावलेली उघडी खिडकी, पंखा आणि पाण्याची दोन भांडी बरी. केराची बादली दाराआड. आंब्याच्या मोसमात कोय आणि पावसाळ्यात मक्याच्या कणसाचं बुरखुंड कुत्रा गिळतो, ते आतड्यात अडकतं आणि ऑपरेशनवर जातं. चॉकलेट, मनुका, कांदा हेही त्याच्या तोंडाला लागता कामा नये.

कायद्याचं म्हणाल, तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदवलेला आहे. साठ सालच्या खासदारांना हे सुचलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे आज एका वडापावाच्या आसपास. दुसऱ्या बाजूनं, सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण सूचना दाखवून शेजाऱ्याची दुपारची झोप परत येत नाही. ते पहिल्या अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग त्यांना दाखवलं, आपण काय करतोय ते सांगितलं, की बहुतेक शेजारी महिनाभर कळ काढतात.

आणि वर्षानुवर्षं शहाण्यासारखा एकटा राहणारा कुत्रा नऊ-दहाव्या वर्षी अचानक हॉलमध्ये शू करायला लागला, रात्री भिंतीकडे बघत उभा राहायला लागला, तर त्याला वळण लावायच्या भानगडीत पडू नका. मूत्रपिंड, मधुमेह, सांधेदुखी, म्हातारपणचा विसरभोळेपणा, यातलं काहीही असू शकतं. आधी लघवी आणि रक्त तपासून घ्या, आणि वॉकरला दुपारी एकदाच्या ऐवजी दोनदा यायला सांगा.