ग्राफ्टनची पाचशे फुलं

१० मे १९०८, रविवार. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या ग्राफ्टन गावी, अँड्र्यूज मेथडिस्ट चर्चमध्ये त्या दिवशीच्या उपासनेसाठी ५०० पांढरी कार्नेशन आली होती. पाठवणारी ॲना जार्विस गावात नव्हती; फिलाडेल्फियाहून तिची तार तेवढी आली. आज जगभर चालणाऱ्या ‘मदर्स डे’ची ही सुरुवात.

ग्राफ्टन हे टायगार्ट व्हॅली नदीकाठचं, बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या जिवावर वाढलेलं गाव. विटांचं हे चर्च १८७३ मध्ये उभं राहिलं आणि त्याला बिशप अँड्र्यूज यांचं नाव मिळालं. अशी चर्चं अमेरिकेत गावोगाव सापडतात. इथल्या संडे स्कूलमध्ये शिकवणारी बाई मात्र जगावेगळी होती. ती म्हणजे ॲनाची आई, ॲन रीव्हज जार्विस.

लेकीच्या गोष्टीत ही बाई झाकली गेली, याची मला हळहळ वाटते. तिला डझनभर मुलं झाली. त्यातली जेमतेम चार मोठी झाली. साथीचे रोग घरंच्या घरं रिकामी करत होते. १८५८ पासून तिनं आसपासच्या पाच गावांत आयांची मंडळं काढली. दूध तपासायचं, स्वच्छतेकडे बघायचं, गरिबाघरी औषध पोचवायचं, क्षयानं अंथरूण धरलेल्या बाईच्या घरी कामाला माणूस लावून द्यायचं. मग यादवी युद्ध पेटलं. गुलामगिरीच्या वादात मेथडिस्टांची १८४४ मध्येच दोन शकलं झाली होती. आता शेजारपाजारची पोरं समोरासमोरच्या सैन्यांत गेली. या मंडळांनी जखमींची सेवा करताना गणवेश पाहिला नाही. १८६८ मध्ये तर तिनं प्रंटीटाउनच्या कोर्टापाशी दोन्हीकडचे सैनिक, आपापल्या कुटुंबांसह, एकत्र आणले. मारामारी होईल अशी भीती होती. झाली ती रडारड.

१८७६ मध्ये बायबलमधल्या मातांवरचा धडा संपवताना तिनं प्रार्थना केली, की कुणीतरी आयांसाठी एक दिवस ठेवावा. बारा वर्षांच्या ॲनानं ते ऐकलं, असं सांगतात. ९ मे १९०५ ला आई गेली आणि तीन वर्षांनी ती फुलं आली. कार्नेशन आईच्या आवडीचं. शिवाय त्याच्या पाकळ्या गळून पडत नाहीत, सुकताना आत मिटतात, हे ॲनाच्या मनात बसलेलं.

१९१४ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी दिवस अधिकृत केला. नाव एकवचनी हवं, हा ॲनाचा हट्ट: ‘आयांचा’ नव्हे, ‘आईचा’ दिवस. आपल्या पिठोरी अमावास्येला आई डोक्यावरून मागे वाण धरून ‘अतिथी कोण?’ विचारते आणि तिचंच पोर ‘मी’ म्हणतं. तसा घरातल्या घरातला मामला तिला हवा होता.

झालं भलतंच. फूलवाल्यांनी भाव चढवले, जिवंत आईसाठी लाल फूल अशी टूम काढली. छापील कार्डाला ॲना पत्र लिहायचा आळस म्हणायची. १९२५ मध्ये फिलाडेल्फियात सैनिकांच्या आयांच्या अधिवेशनात निधीसाठी कार्नेशन विकली जात होती, तिथे ती भांडायला गेली आणि पोलिसांनी तिला धरलं. १९३४ मध्ये टपाल खात्यानं मातृदिनाचं तिकीट काढलं, त्यात कोपऱ्यात कार्नेशनची फुलदाणी. त्यावरूनही ती चिडली.

१९४८ मध्ये, होतं नव्हतं ते या लढाईत घालवून, ती एका शुश्रूषागृहात वारली. लग्न केलेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. १९६२ मध्ये ग्राफ्टनचं चर्च मातृदिनाचं स्मारक झालं. त्या चर्चला मात्र तिनं वर्षानुवर्षं फुलं धाडली होती. सगळी मिळून दहा हजारांवर.