कोणाचे मरण शोकाला पात्र?

न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर ११ सप्टेंबर २००१ रोजी हल्ले झाल्यानंतर अमेरिकेने आपली अभेद्यता युद्धाच्या मार्गाने परत मिळवू पाहिली, तेव्हा बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या ज्युडिथ बटलर यांनी त्या धोरणामागच्या समजुतीलाच हात घातला. 'प्रिकेरियस लाइफ' (२००४) या पाच निबंधांच्या पुस्तकात त्यांनी असे मांडले, की भेद्यता, म्हणजे दुसऱ्याकडून इजा होऊ शकण्याची आणि दुसऱ्यावाचून तगता न येण्याची स्थिती, हे दुबळ्यांचे वैगुण्य नसून देहधारी असण्याचाच तो भाग आहे. तान्हे मूल कोणाच्या हाती वाढणार हे ते ठरवत नाही, आणि मोठेपणीही माणूस ज्यांच्यावर विसंबून असतो त्यांतील बहुतेकांची निवड त्याने केलेली नसते. आप्त गेल्यावर तो उन्मळून पडतो, कारण गेलेल्या माणसाबरोबर त्याच्या स्वतःच्या घडणीचा एक भागही जातो.

ही भेद्यता सर्वांची असली, तरी तिची झळ सर्वांना सारखी बसत नाही, आणि बटलर यांचे राजकीय चिंतन येथूनच सुरू होते. उपासमार, विस्थापन आणि बॉम्ब यांना कोणी तोंड द्यावे हे बव्हंशी सत्ता ठरवते, असे 'फ्रेम्स ऑफ वॉर' (२००९) या ग्रंथात त्यांनी दाखवले. याला जोडून येते ती शोकार्हतेची कल्पना: ज्याचे जाणे समाजाला हानी वाटणार नाही, त्याचे जगणेही जपण्याजोगे मानले जात नाही. याचे एक बोलके उदाहरण त्यांनी आधीच्या पुस्तकात दिले आहे. इस्रायली सैन्याच्या हातून मारल्या गेलेल्या दोन पॅलेस्टिनी कुटुंबांचे मृत्युलेख एका पॅलेस्टिनी-अमेरिकी नागरिकाने 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल' या दैनिकाकडे दिले, तेव्हा मृत्यूचा पुरावा हवा असे उत्तर मिळाले. स्मृतिलेख चालतील असे कळल्यावर मजकूर त्या रूपात पुन्हा पाठवला, तर कोणाच्या भावना दुखवायच्या नाहीत या कारणाने तोही नाकारण्यात आला. येथे कोणी शोकाला उघड बंदी घातली नव्हती, केवळ तो छापण्याची वाट बंद झाली होती, आणि म्हणूनच हे उदाहरण कोणत्याही सैद्धांतिक युक्तिवादापेक्षा अधिक अस्वस्थ करते.

या विचारावर एक गंभीर आक्षेप संभवतो. दुसऱ्याची भेद्यता पाहून करुणा जागेलच असे नाही, प्रहार करण्याची ऊर्मीही जागू शकते. हे बटलर यांनी फ्रेंच तत्त्वज्ञ लेव्हिनास यांच्या आधारे स्वतःच मान्य केले आहे. मग परस्परावलंबनाच्या वस्तुस्थितीतून कर्तव्य कसे निघते? 'द फोर्स ऑफ नॉनव्हायोलन्स' (२०२०) मध्ये अहिंसेची सांगड समतेशी घालून, प्रत्येक जीव सारखाच शोकार्ह मानावा असे त्या ग्रंथाने सांगितले, परंतु हे मानणे कायद्यात आणि संस्थांमध्ये कसे उतरवावे याविषयीचे विवेचन त्यात तोकडेच राहिले आहे. तरीही युद्धाच्या बातम्यांत कोणत्या मृतांना नाव मिळते आणि कोणाचा केवळ आकडा होतो, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या केंद्रस्थानी आणण्याचे मोठे श्रेय बटलर यांच्याकडे जाते. त्यांच्या लेखनाशी प्रथमच परिचय करून घेणाऱ्या वाचकाने 'प्रिकेरियस लाइफ'मधील हिंसा, शोक आणि राजकारण यांवरील दुसऱ्या निबंधापासून आरंभ करावा.