विश्लेषण : भारतात स्टेशन वॅगन का चालली नाही?

सेडानचे छप्पर मागच्या टोकापर्यंत लांबवायचे, बंद डिकीच्या जागी वर उघडणारे दार बसवायचे. झाली स्टेशन वॅगन. युरोपातील कुटुंबांची ही आवडती गाडी. इतकी, की फोक्सवॅगनची २०२३ मध्ये आलेली नवी पसाट तेथे सेडान रूपात मिळतच नाही, फक्त वॅगन मिळते. भारतात मात्र हा प्रकार पुन:पुन्हा आपटला.

कंपन्यांनी प्रयत्नच केले नाहीत?

केले. टाटांची इस्टेट १९९२ मध्ये आली. मग मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी. २००४ मध्ये टाटांची इंडिगो मरिना. जम कोणाचाच बसला नाही.

घोडे अडले कुठे?

आधी दिसण्यावर. हॅचबॅकनंतर ‘मोठी गाडी’ घेणाऱ्याला मागे स्वतंत्र डिकी दिसायला हवी होती. प्रतिष्ठा तिच्यात होती. लांब छपराच्या गाडीला ‘रुग्णवाहिका’ म्हणून हिणवले गेले. सामान भरपूर मावते, हा युक्तिवाद घरच्यांसमोर टिकत नसे.

त्यात २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरची रेघ ओढली. त्याहून आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के झाले. टाटांनी मग इंडिगोची शेपटीच छाटली आणि २००८ मध्ये चार मीटरच्या आतली इंडिगो सीएस आणली. जिथे सेडान आखूड होऊ लागली, तिथे लांब वॅगनला कोण विचारणार? ती रेघ आजही आहे. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के.

पण सगळा दोष कराचा नाही. मारुतीची अर्टिगा चार मीटरपेक्षा लांब आहे, तरी देशात सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांत ती असते. छप्पर तिचेही शेवटपर्यंत लांबच. फरक त्या छपराखाली आहे. वॅगनने मागे सामानाला जागा दिली, अर्टिगाने तिसरी रांग दिली. लग्नाला, देवदर्शनाला निघताना आपल्याकडे आधी माणसे मोजतात. आजी-आजोबा, आत्या, दोन मुले बसली की बॅगा पायाशी नाहीतर छपरावरच्या कॅरिअरवर जातात, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही.