घाटातील जळका वास

जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे. तेथून विक्रमगडकडे उतरताना मोटारीतून जळका वास आल्यास प्रथम ब्रेक तपासावेत. १,००० किलोग्रॅमची गाडी ३०० मीटर उतरली असता सुमारे २९ लक्ष जूल ऊर्जा मोकळी होते. ३० अंशांचे दहा लिटर पाणी तीत उकळीस येईल. गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्या काटकसरी चालकाच्या ब्रेकवर हा भार जवळजवळ सगळाच पडतो. अस्तरातील राळ जळते आणि पकड सुटते. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरकडील चढावर मात्र हाच वास बहुधा अर्धवट दाबलेल्या क्लचचा असतो.

ब्रेक तापले असतील तर गाडी थांबवून, चाकांना दगड लावून ते निवू द्यावेत. पाणी ओतू नये, तापलेले लोखंड तडकते. उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरावा.