मलाक्का : वाऱ्याची वाट पाहत वसलेलं बंदर



'मी पाहिलेले शहर' हा निबंध दिला की बहुतेक मुलं यादी लिहितात. हे पाहिलं, ते पाहिलं, खूप मजा आली. 'हे शहर इथेच का वसलं?' हा प्रश्न राहूनच जातो. तो सोबत असेल तर काही तासांच्या भेटीतही शहर समजू लागतं. मलेशियातील मलाक्का हे त्याचं छान उदाहरण आहे.

क्वालालंपूरहून बसने साधारण दोन तासांत इथे पोहोचता येतं. पुष्कळ पर्यटक सकाळी येतात आणि संध्याकाळी परततात. जुन्या काळचा व्यापारी मात्र आला की काही महिने मुक्काम करायचा. कारण होतं वारा! आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारे गुजरात-बंगालची शिडाची जहाजं पूर्वेकडे नेत. चीनची जहाजं हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यांवर दक्षिणेला येत. मलाक्का या दोघांच्या वाटेवर. इथे भारतातलं कापड उतरायचं आणि पूर्वेकडच्या बेटांवरची लवंग, जायफळ जहाजात चढायची. मग परतीचा वारा सुटेपर्यंत थांबायचं. या थांबण्यातूनच शहर वाढलं.

पंधराव्या शतकात सुलतानाच्या राज्यात परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार 'शहाबंदर', म्हणजे बंदराचे अधिकारी होते. त्यातला एक खास गुजरात्यांसाठी होता. फारसीतला 'बंदर' हा शब्द मराठीत आहे, तसा मलय भाषेतही आहे. मुलांना हे जरूर सांगा.

आता पर्यटकाने काय पाहावं?

१) किल्ल्याचा दरवाजा : अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५११ मध्ये मलाक्का. त्याने बांधलेल्या किल्ल्याचा आज एक दरवाजा उरला आहे. बांधकाम पोर्तुगिजांचं, पण वर साल आहे १६७०. कारण १६४१ मध्ये शहर डचांकडे गेलं होतं. पुढे किल्ला पाडला तो इंग्रजांनी. एका दरवाजात तीन सत्ता! पूर्वी समुद्र याच्या जवळ होता. नंतर भराव घालून जमीन वाढवली, म्हणून तो आज दूर दिसतो.

२) सेंट पॉल टेकडी : इथल्या पडक्या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह १५५३ मध्ये काही महिने होता. नंतर तो गोव्याला नेला.

३) देवळांची गल्ली : चिनी मंदिर, भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांनी उभारलेली मशीद आणि चिट्टी समाजाचं विनायकाचं देऊळ, सगळं चार पावलांवर. चिट्टी म्हणजे मलाक्क्यात स्थायिक झालेल्या तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज. ते मलय बोलतात, पण हिंदू परंपरा जपतात. वाऱ्यासाठी थांबलेली काही माणसं परत गेलीच नाहीत, त्याची ही खूण.

वर्गात हा पाठ घ्यायला विमानाचं तिकीट लागत नाही. भिंतीवरचा आशियाचा नकाशा पुरे. मुलांना त्यावर दोन्ही वाऱ्यांचे बाण काढायला सांगा आणि विचारा, "तुमचं जहाज असतं तर कुठे थांबला असता?" मुलं बोट ठेवतील, तेव्हा 'तिथेच का?' हेही विचारायला विसरू नका. मग आपल्या गावाबद्दलही हाच प्रश्न विचारा. नदी, घाटवाट, बाजार, रेल्वे स्टेशन... उत्तर गावातच सापडेल, आणि निबंधात यादीऐवजी कारणं येऊ लागतील.