न दिसणारी शर्यत कशी पाहायची?
(लेखांक पाचवा)

मागच्या लेखांकात ओरिएंटियरिंगच्या नकाशाचे रंग पाहिले: पांढरा म्हणजे सहज धावता येईल असं जंगल, पिवळा म्हणजे मोकळं रान, हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट. आता प्रश्न प्रेक्षकाचा. या खेळातला धावपटू सुटताना दिसतो, शेवटी परत येताना दिसतो आणि मधला सगळा वेळ झाडांत हरवलेला असतो. त्यामुळे हा खेळ खेळण्याचा आहे, पाहण्याचा नाही, असं त्याच्या चाहत्यांतलेही अनेकजण सांगतात. मला ते पटत नाही. इथे खरी चुरस पायांइतकीच मार्गनिवडीची असते आणि मार्गनिवड नकाशावर पूर्णपणे दिसते. ज्याला नकाशा वाचता येतो, तो युरोपातल्या जंगलाच्या कडेला उभा असो की अहिल्यानगरला घरी बसलेला असो, त्याच्यापुढे शर्यत सारखीच उलगडते. ही सवय लावून घ्यायला ज्युनियर जागतिक स्पर्धेसारखी दुसरी स्पर्धा नाही, हे या लेखांकाचं म्हणणं.

आधी स्पर्धा काय ते थोडक्यात. ही स्पर्धा 1990 साली स्वीडनमधल्या एल्महुल्टला सुरू झाली. वयाची वीस वर्षं ज्या वर्षी पूर्ण होतात, त्या वर्षाअखेरपर्यंत मुला-मुलींना तिच्यात उतरता येतं. पाव तासात आटोपणारी स्प्रिंट, मध्यम पल्ल्याची मिडल, दमछाक करणारी लाँग आणि तिघांच्या संघाची रिले या तिच्यातल्या मुख्य शर्यती. धावपटूंच्या अंगावर जीपीएसचं यंत्र असतं आणि नकाशावर त्यांचे ठिपके सरकताना दिसतात. स्पर्धा बहुधा जुलैत असते. मध्य युरोपात सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड झालेला असतो, म्हणजे रात्रीचं जागरणही नाही.

आता एकच टप्पा जवळून पाहू. समजा, एका कंट्रोलपासून (म्हणजे नकाशावर दाखवलेल्या, क्रमानं गाठायच्या खुणेपासून) पुढचा कंट्रोल सरळ रेषेत 800 मीटरवर आहे. नकाशा 1:10,000 चा, म्हणून कागदावर हे अंतर 8 सेंटिमीटर. वाटेत टेकडी आहे आणि चढताना दहा समोच्चरेषा ओलांडाव्या लागतात. दोन रेषांमध्ये 5 मीटर, म्हणजे चढ 50 मीटरचा. या खेळातला ढोबळ हिशेब असा, की एक मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे दहा मीटर. तेव्हा सरळ वाट पडली 1300 मीटरना. टेकडीला वळसा घालणारी पायवाट 1100 मीटरची असेल आणि सपाट असेल, तर लांबची वाटच जवळची ठरते. मात्र कंट्रोल टेकडीच्या उतारावरल्या एखाद्या लहानशा खळग्यात लपलेला असेल, तर खालून येणाऱ्याला तो शोधायला वेळ लागेल आणि वरून उतरणाऱ्याला चटकन सापडेल. म्हणजे हिशेब पुन्हा मांडायचा. धावपटू हे सगळं धापा टाकत काही सेकंदांत ठरवतो. प्रेक्षकानं ते ठिपका तिथवर पोचण्याआधी ठरवावं आणि मग पाहावं कोण कुठून जातं. असं केलं की सरकणाऱ्या ठिपक्यांत कसला आलाय खेळ, या आक्षेपातली हवाच निघून जाते. बुद्धिबळातही पटावर लाकडाचे तुकडेच सरकतात!

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रेक्षकाला ठिपका दिसतो, धावपटूला स्वतःचा ठिपका दिसत नाही. मग घरबसल्या त्याच्या चुका काढणं कितपत न्याय्य? मान्य. पण चूक काढणं वेगळं आणि ती कशी घडली हे उलगडणं वेगळं. या खेळात 'समांतर चूक' नावाचा प्रकार आहे. शेजारी शेजारी दोन सारख्या सोंडा असतात, धावपटू एकीवर असतो आणि स्वतःला दुसरीवर समजतो. मग नकाशातली प्रत्येक खूण तो ओढूनताणून जुळवत राहतो. अकोले तालुक्यात, रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या परिसरात धुक्यात सोंड चुकणं म्हणजे काय, हे वाटाड्यांना सांगावं लागत नाही. अनुभवी धावपटू अशा वेळी लवकर थांबतो, मागच्या पक्क्या खुणेपर्यंत परत जातो. अठरा वर्षांचा मुलगा पुष्कळदा थांबत नाही, ठिपका त्याच जागी गिरक्या घेत राहतो आणि मिनिटं निघून जातात. ज्युनियर स्पर्धा पाहावी ती यासाठी. तिथे वेग मोठ्यांच्या जवळपास पोचलेला असतो, सावधपणा अजून पोचलेला नसतो, आणि निकाल शेवटच्या कंट्रोलपर्यंत हातचा नसतो. यातून लवकर बाहेर पडणारेही असतात. नॉर्वेच्या कास्पर फोसेरनं 2019 साली, ज्युनियर वयोगटात असतानाच, मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत लाँग शर्यतीचं रौप्यपदक घेतलं आणि 2021 साली त्याच शर्यतीचं सुवर्ण.

धावपटूंच्या कंट्रोलवरच्या मधल्या वेळा वाचण्याचंही एक तंत्र आहे. मतमोजणीत पहिल्या फेऱ्यांची आघाडी कोणत्या भागातल्या पेट्या उघडल्या यावर असते, हे नगरकरांना शिकवण्याची गरज नाही. इथेही धावपटू ठरावीक अंतरानं एकेक करून सुटतात आणि नामवंत बहुधा शेवटी. पहिल्या तासातला 'आघाडीवर' हा शब्द म्हणून फार मनावर घेऊ नये. भूभागही पाहावा. 2016 ला स्वित्झर्लंडच्या एंगाडीन खोऱ्यातले आल्प्सचे चढ होते, 2018 ला हंगेरीतल्या केचकेमेतच्या वाळूच्या टेकड्या. एकीकडचा दादा दुसरीकडे चाचपडू शकतो.

राहिला 'आपलं कोण आहे त्यात?' हा प्रश्न. युरोपातला फुटबॉल रात्र रात्र पाहणाऱ्या पोरांना तो कोणी विचारत नाही, तरी उत्तर देतो. परंपरा नॉर्डिक देशांची आहे हे खरं, पण 2012 साली स्लोव्हाकियातल्या कोशित्सेत न्यूझीलंडचा मॅट ऑग्डेन मिडल शर्यतीत ज्युनियर जगज्जेता झाला, तेव्हा त्या परंपरेनं त्याला अडवलं नाही. शिवाय हा खेळ मुळात स्कँडिनेव्हियातल्या लष्करी शिक्षणातून आला आणि अहिल्यानगर हे तर चिलखती दलाच्या प्रशिक्षणाचं शहर. इथल्या महाविद्यालयांतला एनसीसीचा छात्र नकाशावाचन अभ्यासक्रमातच शिकतो. फक्त त्याच्या ओळखीचा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा बहुधा 1:50,000 चा असतो आणि त्यावर दोन समोच्चरेषांमध्ये 20 मीटर असतात. वरच्या उदाहरणातली 50 मीटरची टेकडी त्यावर दोन-तीन रेषांत संपते आणि कंट्रोल लपलेला खळगा तर दिसतच नाही. तेवढी नजर बारीक करावी लागेल. ती केली, तर या मुलाइतका तयार प्रेक्षक क्रिकेटवेड्या मित्रमंडळींत दुसरा मिळणार नाही.

अडचणी आहेतच. दाट झाडीत जीपीएसचा ठिपका उड्या मारतो, कधी मिनिटभर गोठतो. कंट्रोलच्या खुणेला धावपटू नेमका कधी पोचला, हे त्याच्याजवळच्या, वेळ नोंदवणाऱ्या चिपवरची वेळ आल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही. रिलेत तर एकाच संघाचे तीन धावपटू वेगवेगळ्या क्रमानं वेगवेगळे कंट्रोल घेतात, बेरीज मात्र सर्व संघांची सारखीच असते. त्यामुळे सोबत धावणारे दोन ठिपके अचानक फुटले, तर त्यातला एक चुकलाच असं नव्हे. ही फाटाफूट ओळखायची कशी, ते पुढच्या आठवड्यात.